डिमिनिश्ड कॉर्ड: आकार फक्त तीन

पियानोवर डिमिनिश्ड सेव्हन्थच्या (सारख्या अंतरावरच्या चार स्वरांच्या) बारा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, पाठ करत बसू नका. कुठलीही पट्टी दाबा, ती सोडून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत जा आणि दर तिसरी घ्या. सी धरला तर सी शार्प (शार्प म्हणजे उजवीकडची लगतची पट्टी) एक, डी दोन, ई फ्लॅट (फ्लॅट म्हणजे डावीकडची लगतची) तीन. तसंच पुढे जी फ्लॅट, मग ए. आणखी तीन मोजलीत की पुन्हा सी! म्हणजे या चारांपैकी कुठूनही निघा, पट्ट्या त्याच. स्वर १२, कॉर्डमध्ये ४, म्हणून वेगळे आकार ३च: सी, सी शार्प आणि डीवरचे.

नुसती वाजवली तर ही कॉर्ड भुताच्या सिनेमातली वाटते. तिची खरी जागा दोन कॉर्डच्या मधे. जी मेजर वाजवा (जी, बी, डी). आता जी उचलून जी शार्पवर न्या, वर एफ जोडा. बी आणि डी जागचे हलत नाहीत. लगेच ए मायनर: जी शार्प एवर चढतो, बी सीवर, एफ ईवर उतरतो. मधल्या कॉर्डला एकच मात्रा पुरे, आणि स्वर लांबवणारं पेडल बदलायला (सोडून पुन्हा दाबायला) विसरू नका, नाहीतर सगळा चिखल होतो.