पॅकिंग रूममध्ये धूळ येत होती, ती अशी थांबवली

रबाळे एमआयडीसीतली 12 बाय 10 फुटांची पॅकिंग रूम. दार बंद, स्प्लिट एसी चालू, तरी ट्रेवर करडी पूड साचायची. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याने धूळ बाहेर ठेवणारं, बाहेरच्यापेक्षा जास्त प्रेशर खोलीत तयार होत नाही. आणि एक्झॉस्ट फॅन जेवढी हवा बाहेर फेकत होता, तेवढी धुळीसकट दाराखालून आत येत होती. फटीशी अगरबत्ती धरली की धूर सरळ आत वळायचा.

एक्झॉस्ट बंद केला. (खोलीत सॉल्व्हंट वापरत असाल तर तो बंद करू नका, आत येणारी हवा 10-15 टक्के जास्त ठेवा.) मग भिंतीतून ताजी हवा सोडली: आधी प्रीफिल्टर (जाड धूळ अडवणारा), मग ब्लोअर, शेवटी हेपा (अगदी बारीक कण अडवणारा कागदी फिल्टर). तरी खोलीतल्या आणि बाहेरच्या प्रेशरमधला फरक दाखवणारा गेज 3 पास्कलच्या वर जाईना.

खरं काम फटींचं. 90 सेंमी रुंद दाराखाली 1 सेंमी फट असेल, तर 12 पास्कलला तासाला सुमारे 90 घनमीटर हवा एकट्या तिथूनच निघून जाते! तिथे ड्रॉप सील (दार लावलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी) लावलं. एसीच्या पाइपचं भोक, वायरिंगचे पाइप, फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांच्या कडा सिलिकॉनने बुजवल्या. आता गेज 12 वर स्थिर आहे, धूर बाहेर जातो. दार मात्र आतल्या बाजूला उघडणारंच हवं, म्हणजे प्रेशरनेच ते चौकटीला घट्ट बसतं.

हवा घेण्याचं तोंड जनरेटरपासून लांब ठेवा, आणि पावसासाठी खाली वळवा. भिजलेला प्रीफिल्टर लगेच चोक होतो. गेज उतरू लागला की आधी तोच काढून धुवा, पूर्ण वाळवून बसवा. हेपाला पाणी किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात लावू नका, त्याचा कागद फाटतो.