दप्तर रेकॉर्ड रूमला पाठवण्याआधी

मार्चअखेरची धावपळ ओसरते, दप्तर तपासणीची तारीख लागते आणि मग टेबलाखालचे गठ्ठे आठवतात. लगेच रुमाल (गठ्ठा गुंडाळायचे कापड) बांधायला बसू नका. आधी सहा गठ्ठे नीट लावा: हातातली प्रकरणे, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेली, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला जायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. पाठवणी पाचव्या गठ्ठ्याची असली, तरी पहिल्या दोहोंवरून एकदा हात फिरवाच. निकाल लागून वर्ष उलटले तरी ‘प्रलंबित’ म्हणून पडलेली दोन-चार प्रकरणे तिथे हमखास निघतात.

फाइल खरोखर बंद झाली आहे का, ते पाहा. अंतिम आदेशाची प्रत लागली, पोच लागली, कार्यविवरण नोंदवहीत (टेबलावर आलेल्या-निकाली निघालेल्या पत्रांच्या वहीत) निकाली नोंद झाली, म्हणजे बंद. कोर्टात दावा चालू असेल, लेखा आक्षेप मिटलेला नसेल किंवा माहिती अधिकारातले अपील पडून असेल, तर ती फाइल बाजूला ठेवा. मग पाने मोजून क्रमांक टाका, वर अनुक्रमणिका लावा. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या काढून टॅग ओवा. दोन पावसाळ्यांत पिन गंजते आणि नेमकी सहीवरच भोक पाडते.

आता वर्गीकरण. इथे घाई नको. अ वर्ग म्हणजे कायम जपायचे, ब म्हणजे 30 वर्षे, क 10, क-1 पाच आणि ड एक वर्ष. रुमाल अनुक्रमे लाल, हिरवा, पिवळा आणि ड साठी पांढरा. मुदत फाइल उघडल्यापासून नव्हे, बंद झाल्यापासून मोजा: 2014 साली उघडून 2019 साली बंद झालेली क वर्गाची फाइल 2029 पर्यंत सांभाळायची. वर्ग अंदाजाने टाकू नका, आपल्या विभागाची मंजूर यादी समोर ठेवा. शिपायाला ‘बघ रे, जुने दिसतेय, ड मध्ये टाक’ सांगणारे मी पाहिलेत. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली. कोतवाल बुकातली, गाव नमुना 14 मधली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींतली) मोडीतली एकेक ओळ घराघराला हवी होती. ज्या कारकुनांनी ती जीर्ण बाडे कधीकाळी नीट बांधून ठेवली, त्यांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत.

मुदत संपलेलेही परस्पर रद्दीत घालायचे नाही. यादी करा, सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्या, नष्ट केल्याची नोंद ठेवा. ती नोंदवही मात्र कायम जपायची. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 च्या कलम 9 मध्ये असे परस्पर नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘फाइल आढळून येत नाही’ हे उत्तर म्हणूनच फार महाग पडू शकते. त्यातच माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सगळे अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. म्हणजे यादी हे काही जास्तीचे काम नव्हे.

खोलीही आधी बघून या. भिंतीला ओल असेल तर रॅक भिंतीपासून सरकवा, खालचा कप्पा जमिनीला टेकू देऊ नका, वायरिंग तपासून घ्या. डांबर गोळ्यांनी वाळवी जात नाही, तिच्यासाठी फवारणी लागते. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकता येत नाही, हे संगणकवाल्या पोरांना आधीच बजावून ठेवा.

शेवटी गठ्ठ्यागणिक यादी दोन प्रतींत करा: रुमाल क्रमांक, फाइल क्रमांक, विषय, वर्ग, पाने, नष्ट करण्याचे वर्ष. अभिलेखापालाकडून दोन्हींवर सही घ्या, एक प्रत आपल्या दप्तरात लावा. पुढे फाइल परत मागवाल तेव्हा तिच्या जागी मागणीची चिठ्ठी राहील, एवढे बघा. बदलीचा आदेश आला की चार्ज देताना हीच प्रत पहिल्यांदा पुढे करायची.