लिपोसोमवर डिटर्जंट किंवा बाइल सॉल्ट टाकताय? या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला लिपोसोम (लिपिडच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या) फोडायचं काम आलं की बहुतेक जण आधी डिटर्जंटचा सीएमसी (क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशन) शोधतात, त्याच्या थोडं वर जातात आणि मग सस्पेन्शन अजून दुधाळच कसं म्हणून डोक्याला हात लावून बसतात. सगळ्यात कॉमन चूक हीच. सीएमसी हा लिपिड नसतानाचा आकडा आहे, मायसेल (डिटर्जंट रेणूंचे छोटे गोळे) किती प्रमाणापासून बनायला लागतात तेवढंच तो सांगतो. तुमच्या ट्यूबमध्ये लिपिड आहे आणि ते डिटर्जंट आधी स्वतःत ओढून घेतं.

समजा लिपिड म्हणून अंड्याचं लेसिथिन 10 मिलिमोलर आहे आणि ट्रायटन एक्स-100 हे डिटर्जंट टाकलं 1 मिलिमोलर. त्याचा सीएमसी 0.2 ते 0.3 मिलिमोलर, म्हणजे आपण तिप्पट-चौपट वर, पण हिशोब केला तर दहा लिपिडमागे ट्रायटनचा एक रेणू, त्यात काय विरघळणार? पूर्ण क्लिअर व्हायला एका लिपिडमागे दोन-तीन रेणू लागतात, म्हणजे 25 मिलिमोलर धरा, टक्क्यात साधारण 1.6. त्यामुळे कुणी नुसतं "0.1 टक्के ट्रायटन टाक" सांगितलं की आधी विचारा, लिपिड किती होतं?

दुसरं म्हणजे दुधाळ दिसतंय म्हणून मेम्ब्रेन शाबूत आहे असं समजू नका. हेलेनियस आणि सायमन्स या संशोधकांनी 1975 मध्ये तीन टप्पे मांडले, आधी डिटर्जंट बायलेअरमध्ये (लिपिडच्या दुहेरी थरात) शिरतं, मग बायलेअर आणि मिक्स्ड मायसेल (लिपिड-डिटर्जंट मिळून बनलेले) दोन्ही सोबत असतात, आणि शेवटी फक्त मायसेल उरतात. पहिल्या टप्प्यातच गळती सुरू होते, आत कॅल्सीन (चमकणारा रंग) भरलेलं असेल तर ट्यूब दुधाळ असतानाच सिग्नल चढताना दिसतो. कधीकधी तर टर्बिडिटी (गढूळपणा) आधी वाढते, कारण लिपोसोम फुगतात किंवा एकमेकांत मिसळतात, आणि लोक घाबरून तिथेच थांबतात. थांबू नका, पुढे टाकत राहा.

आता बाइल सॉल्ट, म्हणजे पित्तातलं नैसर्गिक डिटर्जंट. याला साबणासारखं डोकं-शेपूट नसतं, चपटा स्टेरॉइड, एक बाजू पाणी आवडणारी आणि दुसरी तेलकट. त्यामुळे कोलेट या बाइल सॉल्टचे मायसेल अगदी छोटे, दोन ते चार रेणूंचे, एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) या नेहमीच्या डिटर्जंटमध्ये साठ-एक असतात. डीऑक्सिकोलेट या दुसऱ्या बाइल सॉल्टला पीएच सांभाळा, 8 च्या आसपास ठेवा, 7 कडे घसरला की जेलीसारखं होतं किंवा पांढरं खाली बसतं आणि मग "प्रोटीन प्रेसिपिटेट झालं" म्हणून उगाच रडारड. कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं बफरही टाळा. टॉरोकोलेट या बाइल सॉल्टला ॲसिडचं एवढं वावडं नाही. एसडीएसची भानगड वेगळी, पोटॅशियमवालं बफर किंवा थंडी मिळाली की खाली बसलंच.

शुद्ध बाइल सॉल्ट पेशींवर ओतून "पित्त पेशी फोडतं" असा निष्कर्ष काढणारेही खूप भेटतात. अहो, पित्ताशयात बाइल सॉल्ट सीएमसीच्या कितीतरी वर असतात, तरी पित्तनळ्या विरघळत नाहीत, कारण पित्तात लेसिथिनही असतं आणि बाइल सॉल्ट त्याच्यासोबत आधीच मिक्स्ड मायसेलमध्ये अडकलेले असतात. एबीसीबी4 जीनमध्ये बिघाड झाला की लिव्हरमधून हे लेसिथिन पित्तात नीट उतरत नाही आणि तेच पित्त नळ्यांना खायला लागतं, लहान मुलांत लिव्हरचा गंभीर आजार होतो. म्हणून एक्सपेरिमेंटमध्ये बाइल सॉल्टसोबत लेसिथिन घातलेला एक सेट ठेवाच.

आणि ट्रायटन डायलिसिसने काढायच्या भानगडीत पडू नका, मायसेल मोठे आणि सीएमसी कमी, आठवडाभर बफर बदला तरी बसलेलंच, सरळ बायो-बीड्स (डिटर्जंट शोषून घेणारे मणी) वापरा. कोलेट किंवा ऑक्टिल ग्लुकोसाइडसारखं डिटर्जंट मात्र डायलिसिसने निघून जातं. ट्रायटन राहिलं असेल तर 280 नॅनोमीटरला प्रोटीनचं रीडिंग घेऊ नका, ते स्वतःच तिथे ॲब्सॉर्ब करतं आणि तुमचं यील्ड भरघोस दिसतं.