अटॅचमेंट उघडत नाही? फाइल नेमकी कुठे बिघडली ते असं शोधा

ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे “फाइल करप्ट आहे” अशी तक्रार आली की “परत पाठवायला सांगा” हे उत्तर ठरलेलं असतं. दुसऱ्यांदा फाइल उघडली तर सगळे विसरून जातात आणि आठवड्याने तीच तक्रार पुन्हा येते. म्हणून आधी तो मेल आहे तसा जपा. फॉरवर्डही करायला लावू नका. फॉरवर्ड करताना मेल क्लायंट अटॅचमेंट उलगडून नव्याने गुंडाळतो, आणि बिघाडाचा माग तिथेच पुसला जातो.

खालची पद्धत पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि मध्ये अमाविस (व्हायरस-स्पॅम तपासणारा फिल्टर) अशा नेहमीच्या मांडणीसाठी आहे.

पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल आणि घेणाऱ्याने सेव्ह केलेली फाइल, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे फाइलीचा डिजिटल ठसा; एक बाइट बदलला तरी तो बदलतो. विंडोजवर पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश कमांड पुरते. हॅश जुळला तर मेल सर्व्हर निर्दोष आहे. फाइल मुळातच खराब आहे, तिचं नाव बिघडलंय किंवा उघडणाऱ्या प्रोग्रॅमची अडचण आहे. जुळला नाही तर दोन्ही फाइलींचा आकार बाइटमध्ये लिहून घ्या. निम्मं निदान इथेच होतं.

आकार साधारण १.३७ पट झाला असेल तर बेस-६४ मजकूर, म्हणजे मेलमधून जाण्यासाठी फाइल ज्या साध्या अक्षरांत गुंडाळतात तो, न उलगडताच सेव्ह झालाय. मूळचे ५७ बाइट ७६ अक्षरांची एक ओळ होतात, वर ओळ संपवणारे २ बाइट. तिथून हा आकडा येतो. दीडपट झाला असेल तर एखाद्या स्क्रिप्टने बायनरी फाइल लॅटिन-१ मजकूर समजून यूटीएफ-८ मध्ये बदलली (या दोन्ही अक्षरं साठवण्याच्या पद्धती). झिप किंवा एक्सेलची फाइल जेमतेम ०.४ टक्क्याने वाढली असेल, म्हणजे १० लाख बाइटांमागे सुमारे ३,९००, तर कुठेतरी १० या मूल्याच्या प्रत्येक बाइटआधी १३ हा बाइट घुसलाय. हा ओळ-समाप्ती बदलण्याचा प्रताप. फाइल पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीचा ॲस्की (मजकुरासाठीचा) मोड इथला जुना गुन्हेगार. या शेवटच्या दोन्ही प्रकारांत फाइल बहुधा मेलमध्ये शिरण्याआधीच बिघडलेली असते.

आकार कमी भरला तर फाइल तुटली आहे. इथे पुष्कळजण मेसेज साइझ लिमिट वाढवायला धावतात. ते व्यर्थ आहे. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे गुंडाळण्याआधी साधारण ७४ लाख बाइटांची फाइल. मर्यादा ओलांडली तर पोस्टफिक्स अख्खा मेल नाकारतो, अर्धा कापून पुढे पाठवत नाही.

आता सर्व्हरवरून मेलचा कच्चा मजकूर काढा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा. पीडीएफ असेल तर बेस-६४ ची सुरुवात ‘जे व्ही बी ई आर’ या रोमन अक्षरांनी व्हायला हवी, झिप किंवा नव्या प्रकारची (डॉकएक्स, एक्सएलएसएक्स) वर्ड-एक्सेल फाइल असेल तर ‘यू ई एस डी बी’ने. मेलचे भाग वेगळे करणारी खुणेची ओळ म्हणजे बाउंड्री; शेवटच्या बाउंड्रीनंतर दोन डॅश हवेत. ते नसतील तर मेल मध्येच तुटला. बाहेरून आलेल्या मेलचं डीकेआयएम (पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही) पास असेल, तर सहीपासून तपासणीच्या त्या टप्प्यापर्यंत मजकूर शाबूत होता. दोष त्यानंतरचा, म्हणजे आपल्याच घरातला, नाहीतर सही होण्याआधीचा, म्हणजे पाठवणाऱ्याकडचा.

मग लॉग. अमाविसमधून जाणाऱ्या मेलला दोन क्यू आयडी (पोस्टफिक्सच्या रांगेतले क्रमांक) मिळतात, आत जाताना एक आणि परत येताना दुसरा. मेसेज आयडीवरून दोन्ही शोधा आणि क्यूएमजीआरच्या (पोस्टफिक्सची रांग सांभाळणाऱ्या भागाच्या) ओळीतला आकार ताडून बघा. नव्या हेडरमुळे (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळींमुळे) थोडी वाढ होणारच. आकार घटला असेल, किंवा हेडरच्या हिशेबात न बसणारी वाढ असेल, तर फिल्टरवर किंवा मेलच्या तळाला सूचना जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर बोट ठेवा. खात्रीसाठी एका चाचणी पत्त्यापुरताच फिल्टर वगळा. ऐन कामाच्या वेळी सगळ्यांचा अँटीव्हायरस बंद करणं हा अघोरी उपाय आहे.

“एकाकडे उघडते, दुसऱ्याकडे नाही” ही तक्रार वेगळी ओळखा. पगाराच्या किंवा बिलाच्या सॉफ्टवेअरने अख्खी फाइल एकाच लांबलचक ओळीत भरलेली असते. मेल पोचवण्याच्या एसएमटीपी नियमांत ओळ ९९८ अक्षरांपुढे जाऊ शकत नाही, म्हणून पोस्टफिक्स पुढे पाठवताना ती तोडतो आणि नव्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस घालतो. काही क्लायंट ती स्पेस सोडून देतात, काही अडखळतात. दुरुस्ती त्या सॉफ्टवेअरमध्येच करायची: दर ७६ अक्षरांनी ओळ तोडा. पीएचपीत त्यासाठी चंक-स्प्लिट हे फंक्शन आहे.

मराठी नावाच्या फाइलींचं दुखणं तर आपल्याकडे रोजचं. ‘ऑगस्ट पगारपत्रक’ या नावात १४ देवनागरी चिन्हं आहेत. प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, आणि हेडरमध्ये टक्का-चिन्हासह लिहिताना दर बाइटला ३ अक्षरं, एकूण १२६. एवढं नाव हेडरच्या एका ओळीत मावत नाही, त्याचे तुकडे पडतात. जुना क्लायंट ते तुकडे जोडत नाही, एक्स्टेन्शन गळून पडतं आणि विंडोजला फाइल कशात उघडायची ते कळत नाही. हॅश जुळतोय ना? मग योग्य एक्स्टेन्शन लावा, फाइल उघडेल. त्यासाठी लोकांना मराठी नावं द्यायची बंदी करू नका. क्लायंट अद्ययावत करा.

अटॅचमेंटच्या जागी ‘विनमेल डॉट डॅट’ ही फाइल आली तर तो आउटलुकचा रिच टेक्स्ट, म्हणजे त्याची स्वतःची मेल-मांडणी. पाठवणाऱ्याकडे एचटीएमएल निवडा. पाठवणाऱ्याकडे एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर रिमोट डोमेनमध्ये रिच टेक्स्ट ‘कधीच नाही’ ठेवा.

डव्हकॉटच्या लॉगमध्ये कॅशमधला आकार प्रत्यक्षाशी जुळत नसल्याची चूक दिसली, तर मेलडिरमधल्या (डव्हकॉट जिथे मेल साठवतो त्या फोल्डरमधल्या) फाइलींना बाहेरून कुणीतरी हात लावलाय, बहुधा सर्व्हरच्या अँटीव्हायरसने. तो फोल्डर त्याच्या स्कॅनमधून वगळा, मग डव्हकॉटच्या डव्हॲडम कमांडने त्या मेलबॉक्सचं फोर्स-रिसिंक करा, म्हणजे त्याची नोंद प्रत्यक्ष फाइलींशी पुन्हा जुळवा. जुने मेलही बिघडलेले निघाले तर डिस्कची जागा आणि डिस्कच्या तब्येतीचा ‘स्मार्ट’ अहवाल त्याच दिवशी बघा, आणि बॅकअपमधली एक प्रत उघडून तिचा हॅश घ्या.