नव्या लॅपटॉपातला काडीकचरा कसा निवडावा

अहमदपूरजवळच्या एका गावातून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉपात व्हायरस आलाय म्हणायलंय बघा. पैसे भरा म्हणायलंय." इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून दाजींनी तुरीचे राखून ठेवलेले पैसे घालून तिला लॅपटॉप घेऊन दिला होता. त्याला अजून महिनाही झाला नव्हता. पडद्यावर लाल चौकट येत होती आणि घरातली सगळी माणसं घाबरली होती. व्हायरस मुळीच नव्हता. दुकानातून येतानाच लॅपटॉपात भरलेल्या एका अँटीव्हायरसची फुकट मुदत संपत आली होती आणि ते पुढच्या वर्षाचे पैसे मागत होते. वर तिच्या मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपत होता, कारण लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की तिने कधी न उघडलेली ॲप मागच्या मागे स्वतःला अद्ययावत करून घेत होती.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला प्रत्येक नगामागे नफा थोडा मिळतो. म्हणून दुसऱ्या कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांची सॉफ्टवेअर आधीच भरून दिली जातात: मुदतीचं अँटीव्हायरस, खेळ, व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा), हॉटेल बुकिंगचे शॉर्टकट. हा माल काढून टाकायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त घाई करायची नाही. डाळ निवडताना खडा आणि डाळ एकाच रंगाची असली की आपण हात आवरून निवडतो, तसंच इथे करायचं. काही नावं फालतू दिसतात, पण त्यांच्यावर टचपॅड नाहीतर आवाज चालतो.

खालची माहिती विंडोज ११ साठी आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या लॅपटॉपात ११ च मिळेल.

सुरुवात कुठून करायची

लॅपटॉप चार्जिंगला लावा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी भरल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. मग चांगलं वायफाय असेल अशा ठिकाणी, म्हणजे कॉलेजात किंवा तालुक्याच्या गावी पाहुण्यांकडे बसून, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जेवढं येतं तेवढं सगळं येऊ द्या. लॅपटॉप पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की काही ॲप स्टोअरमधून आपोआप उतरतात. ती आधी येऊन जाऊ द्या, नाहीतर तुम्ही काढत राहाल आणि ती येत राहतील.

आता स्टार्टच्या शोधपट्टीत रिस्टोअर पॉइंट असं टाइप करा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हचं संरक्षण बंद दिसलं तर कॉन्फिगर दाबून चालू करा आणि क्रिएट दाबा. काही बिघडलंच तर विंडोजला आजच्या स्थितीवर परत आणायची ही सोय आहे. स्टोअरमधली ॲप तिच्यामुळे परत येतीलच असं नाही, पण ती स्टोअरमधून पुन्हा घेता येतात.

सेटिंग्ज, त्यात ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स. ही यादी वरपासून खालपर्यंत सरकवत मोबाइलवर तिचे फोटो काढून ठेवा. आज हे निरर्थक वाटेल. पुढच्या आठवड्यात "इथं आधी काय होतं?" असा प्रश्न पडला की हेच फोटो कामाला येतात.

काय काढायचं, काय ठेवायचं

ओळखीचे खेळ, तुम्ही वापरत नसलेली गाण्यांची आणि सिनेमांची ॲप, लिंक्डइन, व्हीपीएनच्या जाहिराती, ड्रॉपबॉक्सची ऑफर, खरेदीचे शॉर्टकट हे सगळं निर्धास्तपणे काढा. नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल निवडायचं. क्लिपचॅम्प (व्हिडिओ जोडायचं), एक्सबॉक्स (खेळांचं), कोपायलट (एआयचं) यांचा उपयोग नसेल तर तीही जाऊ द्या. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचं अनइन्स्टॉल मात्र आपल्याकडे सहसा बंदच दिसतं. युरोपातल्या कायद्यामुळे २०२४ पासून तिथल्या लोकांना ते काढता येतं, आपल्याला अजून ती मुभा नाही. ते राहू द्या आणि तुमच्या आवडीचा ब्राउझर डिफॉल्ट करून घ्या.

इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक, सिनॅप्टिक्स, इलान या नावांना हात लावू नका. पडदा, आवाज, वायफाय, टचपॅड त्यांच्या जिवावर चालतात. हॉटकी असं लिहिलेलं दिसलं तर तेही ठेवा, नाहीतर उजेड कमीजास्त करायची बटणं मुकी होतील. व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाच्या चारपाच सारख्या ओळी दिसतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे असं वाटतं, पण प्रत्येक आवृत्ती वेगळ्या सॉफ्टवेअरला लागते.

कंपनीचं स्वतःचं मदतीचं एक ॲप असतं: लेनोवो व्हँटेज, मायआसुस, डेलचं सपोर्टअसिस्ट, एचपी सपोर्ट असिस्टंट. मी हे ठेवायला सांगतो. बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, अपडेट त्यातून मिळतात आणि काहींत बॅटरी पूर्ण न भरता अलीकडेच थांबवायची सोय असते. लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून ठेवणाऱ्यांना ती फार उपयोगाची आहे.

ऑफिसबद्दल वेगळं सांगतो. वर्ड, एक्सेल काढायच्या आधी खोका आणि बिल पाहा. पुष्कळ लॅपटॉपांबरोबर कायमचं ऑफिस मिळतं, म्हणजे त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. ते ठरलेल्या मुदतीत चालू करावं लागतं आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू कराल त्याला ते कायमचं चिकटतं. दुकानदाराच्या ईमेलवर चालू करून घेऊ नका. मुलीचा लॅपटॉप असेल तर तिचंच खातं हवं.

लाल चौकटीचा बंदोबस्त

भाचीचं काम इथून सुरू केलं. यादीत अँटीव्हायरस शोधून अनइन्स्टॉल दाबलं की ते सहजासहजी सोडत नाही. "तुमचा संगणक असुरक्षित होईल" अशी खिडकी येते, सवलत दाखवली जाते. मोठं रंगीत बटण ठेवण्याचं असतं आणि काढण्याचं बारीक, फिक्या अक्षरांत. प्रत्येक खिडकी नीट वाचून पुढे जा, शेवटी लॅपटॉप रिस्टार्ट करा. एवढं करूनही त्याच्या सूचना येत राहिल्या तर मॅकॅफी आणि नॉर्टन यांची उरलंसुरलं काढायची स्वतःची साधनं आहेत. ती त्या त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

त्यानंतर लॅपटॉप उघडा पडत नाही. विंडोजमध्येच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असतं आणि दुसरं अँटीव्हायरस गेलं की ते आपोआप पुढे येतं. विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर हिरवी खूण आहे ना, एवढं डोळ्यांनी पाहून घ्या. घरच्या वापराला ते पुरतं. दाजींना हे पटायला वेळ लागला. पैसे न भरता मिळालेलं रक्षण खरं असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. हिरवी खूण दाखवली तेव्हा ते खाली बसले.

कंपनीने भरून दिलेली प्रत्येक गोष्ट निदान निरुपद्रवी तरी असेल, असंही समजू नका. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपांतलं सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. ते वेबपानांत जाहिराती घुसडायचं आणि त्यासाठी त्याने स्वतःचं सुरक्षा प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवलं होतं. त्यामुळे बँकेच्या कुलूपवाल्या पानावरचा व्यवहारही दुसऱ्याला वाचता येण्याची वाट मोकळी झाली होती. नुसतं सॉफ्टवेअर काढलं तरी प्रमाणपत्र मागे राहायचं. शेवटी ते दोन्ही काढणारं साधन लेनोवोला द्यावं लागलं.

वनड्राइव्ह काढण्याआधी थांबा

वनड्राइव्ह म्हणजे फायली इंटरनेटवरच्या खात्यात ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय. इथे मी स्वतः चुकलो होतो. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपातून मी वनड्राइव्ह झटक्यात काढलं आणि त्याचा डेस्कटॉप रिकामा दिसायला लागला. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेली सगळी कागदपत्रं त्यावर होती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. फायली गेल्या नव्हत्या. लॅपटॉप सुरू करतानाच वनड्राइव्हने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेतले होते, त्यामुळे त्या इंटरनेटवरच्या खात्यात होत्या. संकेतस्थळावर लॉगइन करून त्या एकेक करून परत उतरवल्या.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर कॉपी करा. फायलीवर ढगाची खूण असेल तर ती लॅपटॉपात नाही असं समजा. उजवी क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस निवडलं की ती खाली उतरते. मग घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप असं जा आणि एकेक फोल्डर बंद करा. फायली लॅपटॉपात जागेवर दिसल्या, उघडल्या, तरच वनड्राइव्ह काढा. चुकून वनड्राइव्हमधून काही डिलीट झालं तर वैयक्तिक खात्याच्या रीसायकल बिनमध्ये ते ३० दिवस राहतं. फुकट मिळणारी जागा फक्त ५ जीबी आहे. पण कागदपत्रांची एक प्रत तिथे असावी असं वाटत असेल तर वनड्राइव्ह ठेवायलाही हरकत नाही.

डेटा वाचवायचा असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअप ॲप्समध्ये जा. लॅपटॉप चालू होताच कोण कोण उठून बसतं ते इथे दिसतं. ठेवायचं आहे पण सारखं चालायला नको, अशा ॲपवर डिसेबल दाबा. टचपॅडचं आणि आवाजाचं तेवढं सोडून द्या. डिसेबल म्हणजे काढणं नव्हे, वाटलं तर परत चालू करता येतं.

मग हॉटस्पॉटला जोडलेलं असताना नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडून मीटर्ड कनेक्शन (मोजका डेटा असलेली जोडणी) चालू करा. आता विंडोज मोठी अपडेट वायफाय मिळेपर्यंत थांबवून ठेवतं. पण मग आठवड्यातून एकदा खऱ्या वायफायवर अपडेट करायला विसरू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. भाचीच्या लॅपटॉपात एवढं केल्यावर दीड जीबी संध्याकाळच्या लेक्चरपर्यंत पुरायला लागला.

हे करू नका

"एका क्लिकमध्ये लॅपटॉप सुसाट" म्हणणारे रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या आतल्या नोंदी साफ करतो म्हणणारे) आणि ड्रायव्हर बूस्टर (वायफाय, आवाज असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बदलून देतो म्हणणारे) घेऊ नका. त्यातले बरेच स्वतःच नवा कचरा घेऊन येतात. व्हिडिओ पाहून काळ्या खिडकीत चिकटवायच्या लांबलचक आज्ञाही नकोत, त्यातल्या काही स्टोअरच काढून टाकतात.

सगळं करूनही मन भरलं नाही तर विंडोज कोरं बसवता येतं. रिसेट केल्यावर कंपनीचा माल बऱ्याचदा परत येतो. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून नव्याने बसवणं चांगलं. विंडोजची परवाना किल्ली नव्या लॅपटॉपात मदरबोर्डवरच असते, ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. आधी वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि बायोसमध्ये बदल केला की तीच किल्ली मागितली जाते. भाचीने ती लॅपटॉपच्या बिलामागे लिहिली आणि बिल दाजींनी सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवलं.