‘हर माल’च्या दुकानात काय उचलावं, काय तिथेच ठेवावं

मालवणजवळ आमच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देतो. दोन खोल्या म्हणजे दोन बादल्या, दोन मग, साबणदाण्या, डझनभर हँगर, पायपुसणी, आणि दर सीझनला यातलं निम्मं नव्याने. पाहुणे मग फोडतात, हँगर चुकून बॅगेत भरून नेतात. त्यामुळे गेली नऊ वर्षं महिन्यातून एकदा तरी मी ‘कोणतीही वस्तू ९९’च्या दुकानात असते. कधी मालवणात, बुधवारी कुडाळच्या बाजाराला गेले तर तिथे. भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे अशा दुकानांना डॉलर स्टोअर म्हणतात, आणि त्यातल्या डॉलर ट्रीने २०२१ मध्ये एका डॉलरचा भाव सव्वा डॉलर केला. आमच्याकडे ४९चं दुकान ९९चं कधी झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वस्तू हातात घेतली की मी आधी भाव बघत नाही. ही मोडली तर काय होईल, एवढंच बघते. मग फुटला तर मग गेला. बादलीची कडी निसटली तर पायावर पाणी. पण काही वस्तू एकट्या मोडत नाहीत, सोबत आणखी काही घेऊन जातात.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका स्टॉलवरून मी १२० रुपयांचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. पांढराशुभ्र, चार सॉकेट, लाल दिवा. पाहुण्यांनी त्याला चहाची इलेक्ट्रिक किटली लावली. अर्ध्या तासाने जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून धावत गेले, तर बोर्ड मेणासारखा खाली बसला होता आणि किटलीची पिन त्यात रुतून बसली होती. माझ्या नवऱ्याने तो नंतर उघडला. आतली तांब्याची तार शिवायच्या दोऱ्याएवढी. किटली १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढणार; बोर्डावर लिहिलेलं ६ अँपिअर आणि आतला माल त्याच्याही लायकीचा नाही. तेव्हापासून विजेची वस्तू या दुकानातून बंद. घ्यायचीच झाली तर प्लगवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एलने सुरू होणारा नंबर हवा. हा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की शिक्का खरा की नुसता छापलेला, ते दुकानातच कळतं. गॅसची नळी, रेग्युलेटर, कुकरची शिटी, रिंग यांनाही माझा हाच नियम.

लहान मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. स्वस्त दुकानातल्या बऱ्याच खेळण्यांवर ते दिसत नाही. नातवासाठी मी सावंतवाडीची लाकडी फळं आणते, विषय संपला.

आता आपल्याकडची खरी अडचण: खारी हवा. पुण्यात पाच वर्षं टिकणारी वस्तू आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात लाल होते. कपड्यांचे चिमटेच घ्या. ५० रुपयांत दोन डझन, रंगीत, बघून हात आवरत नाही. पण त्यांची स्प्रिंग साध्या लोखंडाची, वर नुसता चकचकीत मुलामा. मी पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी त्यांनी अडकवल्या आणि चौथ्या महिन्यात प्रत्येक चादरीच्या कडेला ओळीने तांबडे ठिपके. गंजाचा डाग निघता निघत नाही. ५० रुपयांच्या चिमट्यांनी चार चादरी खाल्ल्या. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, “काकी, हय आमच्या हाडांक गंज येता, चिमट्यांचा काय घेवन बसलास?” आता मी स्प्रिंग नसलेले, अख्खे प्लास्टिकचे चिमटे घेते. पकड थोडी ढिली असते, वाऱ्याच्या दिवशी दोन जास्त लावावे लागतात.

स्टीलसाठी लोक खिशात चुंबक घेऊन जातात. मीही न्यायचे. चुंबक चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर भारी, असं सगळे सांगतात. हे अर्धंच खरं आहे. चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतं, इथवर ठीक. पण न चिकटणारं सगळं ३०४ (म्हणजे निकेल असलेलं, भारी स्टील) नसतं. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०० मालिकेचं स्टीलही चिकटत नाही, दिसतं तसंच चकाकतं, आणि खाऱ्या हवेत लवकर ठिपके धरतं. म्हणून चुंबकापेक्षा मी वेळेवर भरवसा ठेवते. एक चमचा विकत घ्यायचा, मिठाच्या पाण्यात भिजलेल्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस ओट्यावर ठेवायचा. स्वच्छ राहिला तर पुढच्या खेपेला डझनभर. तोवर माल संपला तर संपला, परत येतो.

बरण्यांच्या बाबतीत मात्र ही दुकानं सोन्यासारखी. काचेची अर्ध्या किलोची बरणी मोठ्या दुकानात दुप्पट भावाने मिळते. फक्त झाकण बघा. पत्र्याचं झाकण असेल तर त्यात आगळ किंवा लोणचं भरू नका. कोकमाच्या आगळाला मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतं, ते आतला मुलामा खातं आणि महिन्या-दोन महिन्यांत झाकणाच्या कडेला काळं धरतं. पत्र्याच्या झाकणाच्या बरण्या मी मालवणी मसाला, तिरफळं, कडधान्यं यांना ठेवते. आगळाला प्लास्टिकचं झाकण. सोलकढी ज्यात ठेवाल ते भांडंही ॲल्युमिनियमचं नको. अशा दुकानात पातळ ॲल्युमिनियमच्या कढया रांगेने लावलेल्या असतात.

प्लास्टिकचा डबा घट्ट बंद होतो का, हे पाण्याशिवाय कळतं. झाकण लावा, डबा गालाजवळ धरा आणि दोन्ही बाजूंनी दाबा. झाकण सैल असेल तर गालाला हवेची झुळूक लागते. दुकानातली पोरं हसतात, हसू देत. पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यात पापड-कुरडया चार दिवसांत चामड्यासारख्या होतात, हे त्यांच्या आया सांगतील. मग डबा उघडून नाक लावा. भपकन वास आला तर जुन्या प्लास्टिकचा माल असू शकतो, तो खाण्याच्या वस्तूंना नको, खिळे-स्क्रूंना चालेल. तळाला त्रिकोणात ५ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, जेवणाच्या डब्यांना बहुतेक हाच वापरतात. बादली उजेडाकडे धरून बघा, जिथे पातळ असेल तिथे उजेड जास्त येतो, आणि ती तिथूनच फुटणार.

भिंतीला चिकटवायचे हूक घेऊ नका, निदान आमच्यासारखं चिऱ्याचं घर असेल तर. चिऱ्याच्या भिंतीला ओल सुटते, गिलावाही दमट असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री धप्पकन आवाज येतो आणि सकाळी टॉवेल, हूक आणि रंगाचा पापुद्रा तिघेही जमिनीवर. बाथरूमच्या टाइल्सवर ते चांगले राहतात, तेवढेच घ्या.

आता भावाबद्दल. पाकिटावर एमआरपी २४९ छापलेली आणि वर ९९चा स्टिकर असेल तर दीडशे वाचले असं समजू नका. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त भाव, तो कंपनीच ठरवते. वस्तूला खरंच तेवढे कुणी देतं का, हा वेगळा प्रश्न. मी वजन आणि नग बघते. मागच्या महिन्यात कचऱ्याच्या पिशव्यांचं पाकीट ४९ला होतं, आत पंधरा नग. किराणा दुकानात तीसचं ८० ला. म्हणजे इथे पिशवी सव्वातीन रुपयांना आणि तिथे पावणेतीनला, आणि तिथली जाडही. साबण, शॅम्पू, अगरबत्ती यांत असंच फसायला होतं. पाकीट लहान असतं म्हणून भाव लहान दिसतो. बिस्किटं, क्रीम, टूथपेस्ट असेल तर तारीख वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नका. तारखेवर स्टिकर चिकटवलेला असेल तर वस्तू परत ठेवा. छापील भावापेक्षा जास्त कुणी मागितलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी तो अजून लावला नाही, पण मोठ्याने बोलून दाखवला की काउंटरवर भाव पटकन सुधारतो.

डोळे मिटून काय घेते, तेही सांगते. साबणदाण्या, नारळाचा किस काढायला लहान ताटल्या, चहाची गाळणी (जाळी शिवलेली बघून), केर भरायचं सुपलं, वाळवणावर टाकायची जाळी, गणपतीच्या मखराला लागणाऱ्या कागदी झिरमिळ्या. मखराचं सामान चतुर्थीच्या आठवड्यात घेतलं तर चाकरमान्यांच्या भावाने मिळतं. विसर्जनानंतर तेच अर्ध्यावर येतं, ते पुढच्या वर्षासाठी पेटीत. छत्र्या, रेनकोटही सप्टेंबरअखेर बघावेत. छत्री उघडून काड्या मोजा, आठ हव्यात, आणि प्रत्येक काडीचं टोक कापडाला शिवलेलं हवं, नुसतं टोपीत खुपसलेलं नको.

जत्रेचा बाजार मात्र निराळा. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा दीड दिवसाची. तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे दुकानदारांना माल आणायला आणि संपवायला वेळ थोडाच. पहिल्या संध्याकाळी गर्दीत भाव करू नका, कुणी ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी स्टॉलवाले ताडपत्री सोडायला लागतात तेव्हा जावं. बांधून परत न्यायचा माल गाडीत जागा खातो. गेल्या वेळी तिथे मला काचेच्या सहा बरण्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या, २०० रुपयांत मिळाल्या. एकीला तडा होता, तो घरी आल्यावर दिसला. तिच्यात आता कपड्यांची बटणं आहेत.