नवा कोबा, वर वुडन फ्लोअरिंग: या चुका टाळा

आपल्याकडे कोबा (स्लॅबवर फरशीखाली टाकतात तो सिमेंटचा थर) वाळू द्यायची सवय नाही, त्याचं कारण टाइल. टाइल ओल्या मालावरच बसते, त्यामुळे वाट पाहायचा प्रश्नच येत नाही. मग तोच घरमालक लॅमिनेट, व्हिनाइल किंवा खऱ्या लाकडाकडे वळतो, पण घाई मात्र टाइलचीच राहते. लाकूड ओल शोषून फुगतं. व्हिनाइल ओल अडवतं, खाली गोंद सुटतो आणि फुगे येतात.

वर पांढरा झाला म्हणजे वाळला

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. स्लॅबवरच्या कोब्यातलं पाणी जवळजवळ सगळं वरूनच उडतं. वरचा पापुद्रा लवकर पांढरा पडतो, खालचा भाग मात्र कित्येक आठवडे ओला असतो. वर फ्लोअरिंग आलं की पाण्याची वाट बंद होते आणि खालची ओल हळूहळू वर येऊन पूर्ण जाडीत सारखी पसरते. म्हणूनच बसवताना कोरडी वाटलेली जमीन पुढे ओली निघते.

ठाण्यात पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये जुन्या टाइल्स काढून ६५ मिलिमीटरचा कोबा टाकला होता, तोही जुलैच्या सुरुवातीला. गणपती नव्या घरात बसवायचे म्हणून ऑगस्टच्या मध्यावर लॅमिनेट बसवून घेतलं. नवरात्रापर्यंत फळ्यांचे काठ फुगले आणि खोलीत कुबट वास येऊ लागला. सगळ्यांनी बाथरूमवर संशय घेतला, तिथली चांगली लादी फोडली, गळती काही सापडली नाही. मला बोलावल्यावर मी आधी खोलीच्या मधल्या फळ्या उचलायला लावल्या. फोमखाली कोबा काळपट ओला होता, फळ्यांच्या पाठीला बुरशी होती आणि बाथरूमच्या भिंतीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातही तेच. गळतीची ओल एका बाजूने येते आणि लांब जाईल तशी कमी होते, कोब्याची ओल खोलीभर सारखी असते. फोडाफोडी करण्याआधी हे पाहिलं असतं तर बाथरूम तरी वाचलं असतं.

हिशेब सोपा आहे. हवा बरी असेल तर पहिल्या ५० मिलिमीटरला मिलिमीटरमागे एक दिवस लागतो. त्यापुढच्या जाडीला मी मिलिमीटरमागे दोन दिवस धरतो. म्हणजे ६५ मिलिमीटरला ८० दिवस, आणि तेही क्युरिंग (सुरुवातीला पाणी मारून कोबा पक्का करणं) संपल्यावर मोजायचे.

पावसाळ्यातले दिवस धरणं

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. फ्लोअरिंगसाठी कोब्यातली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत हवी, हा सर्वमान्य निकष आहे. भोवतालच्या हवेपेक्षा कोबा कोरडा होऊच शकत नाही, त्यामुळे हे दिवस मी हिशेबातच घेत नाही. खिडक्या उघड्या ठेवूनही पावसाळ्यात फायदा नाही. त्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा, नाहीतर ऑक्टोबरची वाट पाहा. मुहूर्त गाठायचाच असेल तर कोबा उन्हाळ्याआधी टाका.

लवकर वाळावा म्हणून क्युरिंग टाळू नका. सात दिवस पाणी मारलं नाही तर कोबा भुसभुशीत होतो आणि गोंदासकट वरचा थर सुटून येतो. हॅलोजन किंवा हीटर लावला की वरचा भाग आधी आकसतो आणि तडे जातात. कोबा वाळत असताना त्याच्यावर पुट्टी कालवू नका, फरशी धुऊ नका. मिस्त्रीला ढिला माल कालवू देऊ नका. त्यातलं जादा पाणी पुढे तुम्हालाच वाळवावं लागतं. तळमजल्यावर खाली ओलरोधक थर नसेल तर नुसतं थांबून काही होणार नाही, जमिनीची ओल येतच राहते.

तपासायचं कसं

साधारण ४५ सेंटीमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. किमान १६ तास ठेवायचं असतं, मी दोन रात्री ठेवतो. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला तर थांबा. मात्र कोरडं निघालं तरी लगेच कामाला लागू नका, कारण ही तपासणी वरच्या थराचीच असते. टोचून पाहायच्या मीटरचंही तेच. महागडं लाकूड असेल तर कार्बाइड टेस्ट करून घ्या. त्यात कोब्याच्या खालच्या भागातला नमुना काढून बाटलीत कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवतात आणि तयार झालेल्या वायूच्या दाबावरून ओल मोजतात. सिमेंटच्या कोब्यात ती साधारण दोन टक्क्यांच्या आत हवी.

नुकसान झालंच असेल तर लॅमिनेट वाचत नाही, त्याच्या फळीतला एचडीएफ (दाबून केलेला लाकडी तंतूंचा गाभा) एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. खऱ्या लाकडाला मात्र आशा असते. कडा वर आल्या म्हणून लगेच घासायला घेऊ नका. ओलीतच कडा घासल्या तर वाळल्यावर त्या खाली बसतात आणि फळीचा मध्य उंच दिसतो. आधी ओलीचा बंदोबस्त करा, लाकूड पूर्ण वाळू द्या, पॉलिशवाल्याला त्यानंतरच बोलवा.